मास्तरांच्या वहीतलं ३५/५५

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणारे निवृत्त शिक्षक नुकतेच वारले. शाळेत गणित शिकवायचे आणि जोडीला बेसबॉलचे स्काउट, म्हणजे क्लबांसाठी होतकरू खेळाडू हेरणारे, म्हणूनही काम करायचे. त्यांच्या वह्यांचं खोकं त्यांच्या पत्नीने माझ्याकडे दिलंय. शोकसभेत मला पाच मिनिटं बोलायचंय. वह्यांत ‘४.३’, ‘३५/५५’ असे आकडे आहेत. त्यांचा अर्थ काय? आणि वह्या टिकवायच्या कशा? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : आधी आकडे समजून घ्या, बोलायचं काय ते त्यातूनच सापडेल.

४.३ म्हणजे चेंडू बॅटला लागल्यापासून बॅटरचा पाय फर्स्ट बेसला, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या टप्प्याला, टेकेपर्यंतचे सेकंद. अंतर ९० फूट. उजव्या बाजूने खेळणाऱ्याला ४.३ ही मेजर लीगमधली (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधली) सरासरी धरतात, डावऱ्याला ४.२, कारण तो फर्स्ट बेसच्या जवळच्या बाजूला उभा असतो. स्काउटची मोजपट्टी २० ते ८० अशी असते आणि ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. धावण्यात सेकंदाचा एक दशांश इकडेतिकडे झाला की दहा गुण बदलतात, आणि अंगठ्याने दाबायच्या स्टॉपवॉचवर एवढी चूक सहज होते. म्हणून एकाच मुलापुढे तीन-चार वेगवेगळे आकडे लिहिलेले दिसले तर ती खाडाखोड समजू नका. पुन्हा पुन्हा मोजल्याशिवाय गुण द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

चेंडूच्या वेगाचे आकडे मात्र जपून वाचा. जुन्या रडार गनांपैकी काही हातातून सुटतानाचा वेग दाखवत, काही बॅटरजवळ पोचतानाचा. फरक ताशी तीन-चार मैलांचा पडे. वहीत गनचा उल्लेख नसेल तर ‘८६’ला मंद म्हणू नका.

आता ३५/५५. हेही त्याच २० ते ८०च्या मोजपट्टीवरचे गुण. पहिला आकडा मुलाच्या आजच्या खेळाचा, दुसरा तो पुढे कुठवर जाईल याचा. आजचं तर स्टॉपवॉचही सांगतं. सतरा वर्षांच्या पोरासमोर दुसरा आकडा लिहायचा तर त्याची अंगकाठी, मनगटांची चपळाई, चूक झाल्यावरचं वागणं, सगळं पाहावं लागतं. वर्गातल्या मुलाकडे चांगला शिक्षकही असंच दोन आकड्यांनी पाहतो. सभेत पदं आणि वर्षं मोजत बसू नका. एक पान निवडा, त्यावरच्या नोंदी वाचा, दुसरा आकडा कशाचा ते सांगा. मुलाचं नाव मात्र वाचू नका. दुखापती, घरची परिस्थिती असलं खासगी बरंच त्या वह्यांत असतं, आणि तो मुलगा आज पन्नाशीचा गृहस्थ असू शकतो.

शिक्षक स्काउट कसे, असं सभेत कुणी विचारेल. क्लबच्या पगारी स्काउटकडे मोठा प्रदेश असतो, सगळे सामने त्याला गाठता येत नाहीत. मग स्थानिक माणसं त्याला खबर देतात. त्यांना तिथे ‘बर्ड डॉग’ म्हणतात. मानधन थोडं, कधी तेही नाही. शाळांचे सामने दुपारी शाळा सुटल्यावर होतात, त्यामुळे शिक्षकाला हे जमतं. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे तिथल्या बेसबॉल संग्रहालयाने, २०१३ मध्ये ‘डायमंड माइन्स’ या नावाने स्काउटांचे जुने अहवाल लोकांसाठी खुले केले. तुमच्या शेजाऱ्यांचं नाव तिथे जरूर शोधा.

वह्यांबद्दल : रबरबँड आणि पिना आधी काढा, रबर चिकटतं, पिना गंजतात. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवा, माळ्यावर किंवा तळघरात नको. फॅक्सचे गुळगुळीत कागद असतील तर ते सर्वात आधी स्कॅन करा, त्यांची अक्षरं उडतात. बाकीची पानं ३०० डीपीआयवर, रंगीत. पेन्सिलीच्या फिक्या नोंदींना ४००. मूळ अहवालांवर क्लबचा हक्क असू शकतो, म्हणून घरच्यांना विचारल्याशिवाय काही जाहीर करू नका. आणि खोक्यात स्टॉपवॉच असेल तर त्यातली बॅटरी आजच काढा. ती पाझरली की आतले पत्रे खाऊन टाकते.