कॅसेट लावली आणि आई बोलायला लागली

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या महाल भागात राहते. १९८१ च्या दिवाळीत आईबाबा मला कडेवर घेऊन जी.टी. एक्सप्रेसनं मद्रास, तिथून छोट्या लाइनीनं तिरुनेलवेली आणि पुढे बसनं कन्याकुमारीला गेले होते. बाबा आता नाहीत. परवा दिवाणात तो अल्बम आणि एक कॅसेट सापडली. फोटो दाखवले तर आई नुसतं 'हो, तेच ते' म्हणते, पण कॅसेट लावली (डब्यातल्या लोकांनी म्हटलेली गाणी बाबांनी टेप केली होती, मधेच त्यांचा आवाज येतो, 'अगं चहा आला') आणि आई जी सुरू झाली ती थांबेचना, सोबत नेलेली संत्र्यांची टोपली काय, समोरच्या बाईंनी दिलेला दहीभात काय. असं का होतं? आणि फोटो लालसर पडलेत, त्यांचं काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अहो, फोटो एका नजरेत संपतो, हा समुद्र, ही मी, झालं. गाणं मात्र सरकत राहतं आणि आपल्यालाही सोबत घेऊन जातं. कॅलिफोर्नियातले मेंदू-संशोधक पेत्र जनाटा यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की ओळखीचं गाणं जुनी आठवण जागी करतं तेव्हा कपाळामागचा मेंदूचा भाग कामाला लागतो. त्यात तरुणपणातल्या आठवणी सगळ्यात पक्क्या असतात, आई तेव्हा विशी-पंचविशीतच असतील ना.

आता आधी कॅसेट सांभाळा! वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या अजून शाबूत असतील तर आजच तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी बाबांचा आवाज पुसणार नाही. मग लगेच मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फोटो लाल पडतात कारण त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळा रंग बंद अल्बमातही उडत जातो, तो परत येत नाही, पण स्कॅन करून रंग बराच सुधारता येतो. चिकट पानांचा अल्बम असेल तर फोटो ओढू नका, दात साफ करायचा धागा मागून हळूहळू सरकवा.

आणि एक कराच. कॅसेट चालू ठेवून अल्बम आईच्या मांडीवर द्या, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड होऊ द्या. 'हे कुठलं स्टेशन' असली परीक्षा घेऊ नका, चुकलं तर दुरुस्तही करू नका. बाबा फोटोंत फारसे दिसत नसतील, कॅमेरा त्यांच्याच हातात असणार. तेव्हा एवढंच विचारा, 'हा फोटो काढताना बाबा काय म्हणत होते गं?'