डिटर्सडॉर्फच्या डबल बेस कॉन्चेर्टोचं (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेचं) छापील फिंगरिंग, म्हणजे कुठला सूर कुठल्या बोटाने ते, वेगात जमत नाही. स्वतःचं कसं बसवायचं?

तुम्ही लिहिलंय की पहिला भाग सावकाश नीट वाजतो, पण लय वाढवली की तुटक कॉर्ड्सच्या (सूर एकामागून एक वाजवायच्या कॉर्ड्सच्या) जागी हात अडखळतो. यातला बराचसा दोष तुमच्या हाताचा नाही. हे संगीत वेगळ्या वाद्यासाठी लिहिलेलं आहे.

अठराव्या शतकात व्हिएन्नामध्ये जो बेस वाजवत, त्याच्या तारा खालून वर एफ, ए, डी, एफ शार्प, ए अशा लावत. म्हणजे वरच्या तीन मोकळ्या ताराच डी मेजर कॉर्ड. तारांच्या मध्यावर अंगठा आडवा टाकला की तीच कॉर्ड वरच्या सप्तकात आयती मिळते. डिटर्सडॉर्फ, वान्हाल, श्पेर्गर या त्या काळच्या संगीतकारांच्या कॉन्चेर्टोंमध्ये अशा कॉर्ड्स पदोपदी येतात त्या यामुळेच. मोझार्टने १७९१ साली लिहिलेल्या 'पेर क्वेस्ता बेला मानो' या आरियातला (एकल गायनाच्या रचनेतला) बेसही याच जातीचा. आपल्या बेसवर मात्र शेजारच्या दोन तारांत सा ते म एवढं अंतर असतं, त्यामुळे तिथला सहज हात इथे कसरत होतो.

आता डी, एफ शार्प, ए, वरचा डी एवढाच तुकडा घ्या. (मी लिहिलेले सूर सांगतोय, सोलो ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा एक स्वर चढवून लावल्या की, ते एक स्वर वर ऐकू येतील.) अंगठा डी आणि जी या दोन्ही तारांच्या मध्यावर ठेवा. डी तारेवर अंगठ्याने डी, मधल्या बोटाने एफ शार्प, मग जी तारेवर तर्जनीने ए. इथपर्यंत हात जागचा हलत नाही. वरचा डी जी तारेवर, खुंट्यांकडच्या टोकापासून बरोबर दोन तृतीयांश अंतरावर आहे. तिथे अनामिका नुसती टेकवली तरी तोच सूर हार्मोनिक (तार न दाबता निघणारा सूर) म्हणून वाजतो. म्हणजे हात वर नेताना जो सूर चुकायची भीती असते, तोच सर्वांत भरवशाचा होतो. तो सूर लांब धरायचा असेल तर मात्र तार दाबा, कारण हार्मोनिकला व्हायब्रेटो (बोट हलवून दिलेला कंप) देता येत नाही.

बाकीच्या अवघड जागांसाठी मी नेहमी शेवटाकडून मागे येतो. तुकडा कुठे संपतो, पुढचा सूर कुठल्या पोझिशनमध्ये (तारेवर हाताची जागा) आहे ते आधी ठरवायचं आणि मग मागे मागे बोटं लिहीत जायची. पुढून सुरुवात केली की पहिले चार सूर छान बसतात आणि पाचव्याला हात भलतीकडेच असतो.

शिफ्ट, म्हणजे हात एका जागेवरून दुसरीकडे नेणं, कुठे करायची, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. साधारण १०५ सेंटिमीटरच्या तारेवर अगदी खालच्या सुरांत एक पूर्ण स्वर सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा होतो. एक सप्तक वर गेलं की त्याच्या निम्मा. म्हणून खालच्या सुरांत झिमांडल या बेस शिक्षकाच्या पद्धतीने १-२-४ बोटांत (तर्जनी, मधलं बोट, करंगळी) जेमतेम एक स्वर मावतो आणि सारखी शिफ्ट करावी लागते. ही शिफ्ट बो (गज) दिशा बदलतो तिथे किंवा मोकळी तार वाजत असताना लपवा. स्लरच्या (एकाच बोत जोडून वाजवायच्या सुरांच्या) मध्ये शिफ्ट टाळता येत नसेल तर निदान ती अर्ध्या स्वराची असू द्या. राबाथ या बेसवादकाच्या पद्धतीत अंगठा जागेवर ठेवून हात नुसता कलता करतात. काही जागी त्याने एक अख्खी शिफ्ट वाचते, तेव्हा तीही करून बघा.

आणि बोइंग (कुठला सूर बोच्या कुठल्या दिशेने) ठरल्याशिवाय बोटं पक्की करू नका. दोन पर्याय पेन्सिलीने लिहा आणि त्याच दिवशी दोन्ही पूर्ण लयीत वाजवून बघा, चुका झाल्या तरी चालेल. सावकाश वाजवताना दोन्ही सारखेच सोपे वाटतात. फरक कळतो तो वेगातच.

नेमक्या कुठल्या मेझरला अडताय, त्याचे सूर आणि स्लर कळवलेत तर त्या जागेसाठी बोटं सुचवेन.