दात चांगले, कान स्वच्छ, तरी जबडा का दुखतो?

जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, की ते त्याच्या मनाला लागतं. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई अशाच चिडून माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). कानापुढे ठणका, सकाळी तोंड आखडलेलं, जांभई देताना ‘कट’ असा आवाज. कान तपासून झाला होता, दाढेचा एक्स-रेही चांगला आला होता. “मॅडम, म्हणजे हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

नाही. दुखणं खरंच असतं. खालचा जबडा कवटीला जिथे जोडला जातो, तो सांधा कानाच्या लगेच पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडलं की तो सरकताना कळतो. कानाला इतका खेटून असल्यामुळे त्याची कळ कानातून आल्यासारखी वाटते.

बोलता बोलता कळलं, की वार्षिक परीक्षेचे पेपर घरी आल्यापासून त्रास वाढला होता. रात्री जेवणं उरकली की दिवाणावर मांडी घालायची, मांडीवर उशी, उशीवर गठ्ठा. मी त्यांना एक लिहिलेली वही दिली आणि म्हटलं, “घरी बसता तशाच बसा आणि तपासा.” दोन पानं होईपर्यंत मान पुढे गेली, खांदे वर चढले आणि गालाचा मागचा स्नायू टरारून फुगला. “बाई, अशाच राहा. आता गालाला हात लावून बघा.”

“अगंबाई! मी दात किती आवळून धरलेत!”

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. मान पुढे काढली की ते तोलायला मानेचे स्नायू ताणलेले राहतात. गळ्याकडचे स्नायू खालच्या जबड्याला मागे-खाली ओढतात आणि तोंड मिटून ठेवायला चावण्याच्या स्नायूंना जादा राबावं लागतं. त्यात हे आवळणं. एरवी खाणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतही नाहीत, मध्ये बारीकशी फट असते.

तरी सगळं खापर बसण्यावर फोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोक काढून बसणाऱ्या कितीतरी जणांचा जबडा कधीच दुखत नाही. बाईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्रीची झोप तुटकी आणि मदत मागायचा संकोच. दात आवळले जात होते ते या सगळ्यापायी.

मग आम्ही दोन्हीकडून सुरुवात केली. पेपर मांडीवरून टेबलावर आले. ‘न’ म्हणताना जीभ टाळूला जिथे टेकते तिथेच ती ठेवायची, ओठ मिटलेले, दात सुटे. आठवण कशी राहणार? प्रत्येक पेपरच्या गुणांची बेरीज मांडली की खांदे खाली सोडायचे आणि जबडा सैल करायचा. गरम शेक, काही दिवस मऊ खाणं आणि मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले. सगळ्यात अवघड गेलं ते जावेला सांगणं, की आठवड्यातल्या काही रात्री तुम्ही या. त्या वाक्याची आम्ही इथे बसून तालीम केली. जाऊबाई आल्या.

ठणका हळूहळू ओसरला. ‘कट’ आवाज मात्र अजून होतो, आणि दुखत नसेल तर त्याच्या मागे लागायची गरज नसते. पण तोंड उघडताना किंवा मिटताना अडकलं, तीन बोटं उभी मावेनाशी झाली, सूज किंवा ताप आला तर आधी डॉक्टर गाठावा. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडू लागलं तर ते दुखणं वेगळं आणि गंभीर असू शकतं. आणि चालताना, जिना चढताना छातीत दाटून जबडा दुखला, तर तडक हॉस्पिटलमध्ये जावं.