हिरडीच्या ग्राफ्टसाठी ९६ हजारांचे हप्ते घ्यावेत का?

जालन्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. वय ४३. वरचे दोन सुळे आणि खालचे समोरचे दोन दात, अशा चार ठिकाणी हिरड्या मागे सरकल्यात. गार पाणी प्यायलं की सुळ्यांतून सणक जाते. डॉक्टरांनी ग्राफ्टचे, म्हणजे हिरडीला जोड लावण्याचे, दोन पर्याय दिलेत. स्वतःच्या टाळूतला तुकडा काढून हिरडीला लावायचा तर दाताला १४,०००, म्हणजे चार दातांचे ५६,००० रुपये. बाहेरून येणारी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची पट्टी वापरायची तर दाताला २४,०००, म्हणजे ९६,०००. पट्टीसाठी क्लिनिकमध्येच शून्य व्याजावर ८,००० चे १२ हप्ते मिळतात. एकरकमी भरले तर ८ टक्के सूट. घरात अडीअडचणीला ठेवलेली १,२०,००० ची एफडी आहे, ५,००० ची एसआयपी चालू आहे, मेडिक्लेम आहे. त्यांचा प्रश्न: पट्टी आधुनिक आहे, दुखतंही कमी, मग हप्त्यांवर तीच घेऊन टाकू का?

ताई, माझं उत्तर नाही असं आहे. शस्त्रक्रिया करूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. कुठल्या दाताला काय लागेल हे हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टच सांगतील. मी पैशांच्या बाजूने बोलतोय, पण इथे पैशांचं गणित दातांच्या गणितात शिरल्याशिवाय सुटत नाही.

महाग पर्याय म्हणजे जास्त खात्रीचा, असं आपण गृहीत धरतो. इथे ते उलटं आहे. उघडं पडलेलं मूळ झाकायचं असेल तर टाळूच्या आतल्या थरातला तुकडा घेऊन त्यावर हिरडी ओढून शिवणं, हीच पद्धत आजही सगळ्यात भरवशाची मानली जाते. बाकीचे पर्याय तिच्याशीच ताडून पाहतात. कोलॅजेनच्या पट्टीचा फायदा खरा आहे: टाळूला दुसरी जखम होत नाही, वेळ कमी लागतो, दुखणं कमी. एकाच वेळी सहा-आठ दात करायचे असतील किंवा टाळूची जाडी पुरत नसेल, तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटतं. तुमचे चारच दात आहेत. म्हणजे जास्तीचे ४०,००० रुपये तुम्ही टाळूच्या दोनेक आठवड्यांच्या त्रासापासून सुटका म्हणून देणार आहात, जास्त चांगल्या हिरडीसाठी नाही. ते देणं चूक नाही, पण कशाचे देतोय हे माहीत असावं. आणखी एक, ही पट्टी बहुतेकदा डुकराच्या ऊतींपासून बनवलेली असते. घरात माळ असेल, किंवा मनाला पटत नसेल, तर आधीच विचारून घ्या. टाके पडल्यावर कळलं तर उगाच मनाला लागून राहतं.

तुम्ही पाठवलेल्या कागदावर एक ओळ आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. सुळ्यांपुढे ‘क्लास १’ लिहिलंय आणि खालच्या दोन दातांपुढे ‘क्लास ३’. हिरडी किती सरकली हे सांगणारी ही मिलर या दंततज्ज्ञांची १९८५ सालची वर्गवारी. पहिल्या वर्गात दोन दातांमधलं हाड शाबूत असतं, त्यामुळे मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा ठेवता येते. तिसऱ्या वर्गात ते हाड थोडं गेलेलं असतं आणि कितीही खर्च केला तरी मूळ अर्धवटच झाकलं जातं. म्हणजे चारही दातांना दर एकच, पण त्यातून मिळणारं वेगवेगळं. खालच्या दातांवर ग्राफ्ट केला तर त्याचं मुख्य काम हिरडी जाड करून तिचं सरकणं थांबवणं, हे असेल. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: खालची हिरडी अजून सरकतेय का? आज किती मिलिमीटर आहे ते लिहून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. वाढत असेल तर खालचे दात आधी करा, कारण तिथे दात वाचवायचा प्रश्न आहे. जागच्या जागी असेल तर आत्ता फक्त सुळे करा आणि खर्च २८,००० वर आणा. सुळ्यांची तक्रार नुसती सणक एवढीच असेल, तर सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, क्लिनिकमध्ये लावायचं व्हार्निश किंवा मुळाशी छोटं फिलिंग, हे आधी करून पाहिलं का तेही विचारा. त्यात काही शे ते दोन-तीन हजारांत भागतं.

आता हप्ते. ९६,००० वर ८ टक्के सूट म्हणजे रोखीने ८८,३२०. तेच काम हप्त्यांवर ९६,००० ला. मधले ७,६८० रुपये म्हणजे व्याजच, फक्त ते किमतीत बसवलेलं आहे. दरमहा मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला तर वर्षाला साधारण १५ ते १६ टक्के दर पडतो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी असेल तर आणखी. तुमची एफडी याच्या निम्म्यानेही वाढत नाही.

मेडिक्लेमवर विसंबू नका. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी अपघाताने झालेली इजा सोडली तर दातांचा खर्च देत नाहीत. ओपीडीचा लाभ जोडलेला असेल तर कागद काढून बघा, पण यासाठी नवी पॉलिसी घेऊ नका. आयकरातही तुमच्या वयाला या खर्चाची सूट नाही.

तुम्ही शिकवता, हेही मी हिशेबात धरलं. टाळूला जखम असताना दिवसाला सहा तास बोलणं अवघड. हिरडी शांत असेल, पू किंवा रक्त येत नसेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर शस्त्रक्रिया मेच्या सुट्टीत करा. रजा वाचेल. तोवर मऊ ब्रश, हलका हात, आणि मिश्री लावायची सवय असेल तर ती पूर्ण बंद. तंबाखू सुरू असताना ग्राफ्ट धरण्याची शक्यता कमी होते, मग तो १४ हजारांचा असो की २४ हजारांचा.

८,००० चा हप्ता झेपेल असं तुम्ही म्हणालात ना? मग तोच या महिन्यापासून आरडीत टाका. सहा महिन्यांत ४८,००० हाताशी येतील. दोन दातांचे २८,००० देऊन वर उरतील. चारही करायचे ठरले तर एफडीतून फक्त ८,००० काढावे लागतील. एसआयपीला हात लावू नका.

दुसरं मत जरूर घ्या. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय तुमच्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, खर्च खासगीच्या मानाने फारच कमी येतो. वेळ लागेल, फेऱ्या होतील, पण तुमच्याकडे मेपर्यंत अवधी आहे. जाताना एक्स-रे आणि तो मिलिमीटरचा कागद न्या.

खासगीतच करायचं ठरलं तर आगाऊ रक्कम भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. टाके काढणं आणि पुढच्या तपासण्या या दरात धरल्यात का. आणि ग्राफ्ट धरला नाही तर दुसऱ्यांदा करताना तुम्हाला किती पैसे पडतील.