नेट-सेटच्या इंग्रजी पेपरातल्या एमसीक्यूमध्ये सॉनेटचे (सहसा चौदा ओळींच्या यमकबद्ध कवितेचे) प्रकार नेहमी गोंधळात टाकतात, पटकन ओळखायचे कसे?

आधी शेवटच्या दोन ओळी बघा. त्यांचं यमक एकमेकींशी जुळत असेल तर बहुतेक वेळा ते शेक्सपिअरियन किंवा स्पेन्सेरियन, आणि नसेल तर पेट्रार्कन धरून चाला (अपवाद आहेत, पण पेपरात तेवढं चालतं). मग पहिल्या दोन चौकड्या (चार-चार ओळींचे गट) बघायच्या, जुळणाऱ्या ओळींना एकच अक्षर द्यायचं, एबीएबी सीडीसीडी असं दर वेळी नवीन यमक आलं की शेक्सपिअर, आणि एबीएबी बीसीबीसी असं मागचं यमक पुढे ओढलेलं दिसलं की स्पेन्सर. पेट्रार्कनला आठ ओळी एबीबीए एबीबीए आणि पुढच्या सहांत कवी विषय वळवतो, मिल्टनचं आंधळेपणावरचं सॉनेट घ्या, त्यात हा वळसा आठवी ओळ संपायच्या आधीच येतो, म्हणून ते परीक्षकांचं लाडकं.

इतिहासात लोक हमखास इथे मार्क घालवतात: सॉनेट इंग्रजीत आणलं कवी वायटने, इंग्रजी वळण (म्हणजे पुढे शेक्सपिअरियन म्हटलं गेलेलं) मात्र दिलं कवी सरेने, ब्लँक व्हर्सही (लयबद्ध पण बिनयमकी कविता) त्याचंच, आणि दोघांच्या कविता 1557 च्या टॉटेल्स मिसेलनी या कवितासंग्रहात छापून आल्या तेव्हा दोघंही हयात नव्हते.

अजून एक, शेक्सपिअरची 1609 ची 154 सॉनेट्स सगळी चौदा ओळींची नाहीत, 99 व्यात पंधरा आहेत, 126 व्यात बाराच आणि त्याही सगळ्या यमकाच्या जोड्यांत. गाईडमधले तक्ते घोकण्यापेक्षा पाच-सहा सॉनेट्स मोठ्याने वाचा राव, यमक कानाला आपोआप कळायला लागतं.