बिलाला वास येत नाही

"ताई, त्रेचाळीस वर्षं लोक आळशी म्हणाले. आता डॉक्टर एडीएचडी म्हणतायत. एवढ्या उशिरा कळून उपयोग काय?"

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं लहानपणापासूनच जड जाणं. हा प्रश्न मी रत्नागिरीत माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलाय की एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हटलं. ओळख पटू नये म्हणून तीन-चार जणांचे तपशील एकात मिसळले आहेत.

हे हापूसचे बागायतदार. मुलाला तपासायला नेलं आणि डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना बापाला स्वतःची शाळा आठवली. तिथून त्यांचंही निदान झालं. मोठेपणी असं निदान करताना डॉक्टर लहानपण खोदतात, ते याचसाठी. 2013पासूनच्या निकषांनुसार बारा वर्षांच्या आत काही लक्षणं दिसलेली असावी लागतात. वय सतरा किंवा त्याहून जास्त असेल तर यादीतली किमान पाच लक्षणं पुरतात. यांच्या आईने सांगितलं, "दप्तर शाळेत, नि हा घरी." थायरॉइड, झोप, नैराश्य हेही तपासून घेतलं, कारण विसराळूपणा त्यांच्यातूनही येतो.

गोळी सुरू झाली. भूक, झोप, नाडी, रक्तदाब यांवर डॉक्टरांची नजर होती. महिन्याने हे वैतागून आले. "लक्ष लागतं हो, पण परवा दुपारभर मोबाइलवर फवारणीचे पंपच बघत बसलो." गोळी लक्ष देते. ते कुठे लावायचं, हे तिला ठाऊक नसतं.

मी विचारलं, "एप्रिल-मेमध्ये काय विसरता?"

"तेव्हा? काहीच नाही."

"अढीतला आंबा कधी उलटायचा, कधी काढायचा, कुठे लिहून ठेवता?"

ते हसले. "लिहायचं काय त्यात? खोलीत शिरलं की वास सांगतो." मग बराच वेळ गप्प. आणि मग, "बिलाला वास येत नाही ना, ताई."

हे वाक्य कुठल्याही चाचणीत मिळालं नसतं. पेंढ्यात घातलेला आंबा स्वतः हाक मारतो, बिल गप्प बसतं. कल्टार, म्हणजे आंब्याला मोहोर यावा म्हणून मुळांशी द्यायचं औषध, ते घालायचं काम तर त्याहून मुकं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाडाचा विस्तार मोजा, दर मीटरला तीन मिली घ्या, बुंध्याभोवती भोकं पाडून ओता. आणि दिसणार काय, तर पुढचा मोहोर! रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच मांडत आले आहेत की या माणसांना काय करायचं ते माहीत असतं, अडतं ते जाणलेलं वेळेवर करण्यापाशी. म्हणून आठवणीच्या कसरती मी कुणाला देत नाही. खूण कामाच्या जागी ठेवायची, एवढाच माझा हट्ट.

पेटी गेली की बिल राहायचं. आम्ही चिकटपट्टीचं रीळ बिलबुकाला सुतळीने बांधलं. पट्टी हवी तर बुक हातात येणारच. पेटीवर बिलाचा नंबर मार्करने पडल्याशिवाय झाकणाला पट्टी लावायची नाही, हे गड्यांनाही सांगितलं. गोळी चहाच्या डब्यावर आली.

मोबाइलचा गजर मात्र फसला. स्कूटरवर असताना वाजायचा, बोट आपोआप बंद करायचं, आणि 'वाजला' म्हणजे 'झालं' असं डोक्यात बसायचं. मग ठरलं की गजर बागेत पोचायच्या वेळेचाच लावायचा, आणि काम हाती घेतल्याशिवाय बंद न करता दहा मिनिटं पुढे ढकलायचा.

वेळेचा अंदाज हा दुसरा खड्डा. आठवडाभर प्रत्येक कामाआधी अंदाज लिहायला लावला. 'वीस मिनिटं' म्हटलेलं पॅकिंग पंचावन्न मिनिटांचं निघालं. तेव्हापासून अंदाजाची तिप्पट धरतात.

कंटाळवाण्या हिशेबासाठी गुरुवारी संध्याकाळी भाचा समोर अभ्यासाला बसतो. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. एवढ्याने माणूस खुर्चीत टिकतो. हे काम बायकोवर टाकू नका, असं मी स्पष्ट सांगते. ती घरात पहारेकरी होते आणि प्रत्येक आठवणीचं भांडण होतं. वहिनी मला म्हणाल्या, "मी सुटले."

तिसऱ्या आठवड्यात सगळं ढेपाळलं. ते ढेपाळणारच होतं. नवेपणा उतरला की ही पद्धतही गप्प होते. मी आधीच बजावलं होतं, तेव्हा नवीन पद्धत शोधू नका, सुतळीचा रंग बदला. त्यांनी लाल लावली.

आणि ते 'आळशी'? त्यावर एक अख्खी बैठक गेली. वडिलांनी भर बाजारात काय काय ऐकवलं ते निघालं. मी फार बोलले नाही. राग खरा होता, तो येऊ दिला.

जुलैच्या अखेरीला बागेतून फोन आला. "कल्टार घातलं, ताई. सहा झाडं राहिली, पाऊस आला."

"मग?"

"त्या सहा झाडांना चुन्याचा पट्टा मारलाय. पाऊस उघडला की दिसतीलच."

चुना मी सुचवला नव्हता.