वाचकांचे प्रश्न : सहावीतल्या मुलाला आठवीचं गणित द्यायचं का?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. सातवीचं गणिताचं पुस्तक त्यानं सुट्टीत आपलं आपण संपवलं आणि आता आठवीचं मागतोय. परीक्षेत कायम पैकीच्या पैकी. त्याचे बाबा म्हणतात, मागतोय तर दे. माझी बहीण म्हणते, घाई केली की मुलं पुढे विटतात. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून काहीच ठरत नाही. पुढच्या तीन वर्षांचा आराखडा सांगाल का? – एक आई

उत्तर : ताई, पुस्तक देण्याआधी एक करा. आज संध्याकाळी त्याला जवळ बसवा आणि विचारा, पाऊण भागिले अर्धा किती? तो अर्धा उलटा करून गुणेल आणि झटकन दीड सांगेल. मग म्हणा, आता हेच मला चित्र काढून दाखव. पाऊण मीटर दोरी आहे, तिचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करायचे आहेत. एक तुकडा पुरा निघतो आणि पाव मीटर दोरी उरते. इथे भली भली हुशार मुलं थबकतात. ‘पाव उरली, मग उत्तर सव्वा का नाही?’ उरलेला पाव मीटर हा अर्ध्या मीटरच्या तुकड्याचा अर्धा आहे म्हणून दीड, हे ज्याचं त्याला उमगलं, त्याचे अपूर्णांक झाले. ज्याला नुसतं उलटं करून गुणता येतं त्याचे व्हायचेत, मग पुस्तक कितवीचं का संपलेलं असेना.

दुसरा प्रश्न याहून साधा आहे. ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय? पुष्कळ मुलं १२ लिहितात, कारण त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’. दोन्ही बाजू समतोल हव्यात हा त्या चिन्हाचा अर्थ ज्याच्या अंगात मुरलेला नाही, त्याच्या हातात समीकरणं दिली तर तो पक्षांतराचे (पद एका बाजूकडून दुसरीकडे नेण्याचे) नियम पाठ करील आणि गुणही मिळवील. बीजगणित मात्र त्याला परकंच राहील.

तुमच्या मुलानं हे दोन्ही झेललं, तर पुढे जायला माझी काहीच हरकत नाही. उलट त्याला अडवून धरू नका असंच मी सांगेन. जे येतंय तेच वर्षभर पुन्हा करायला लावणं हाही त्या मुलावर अन्यायच आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मूल गप्प बसून सगळं बरोबर सोडवत असतं.

आता त्या ‘पैकीच्या पैकी’बद्दल. चार फुटी पट्टीनं पाच फुटी मुलाची उंची मोजली तर ती चार फूटच भरणार. वर्गाची परीक्षा वर्गासाठी काढलेली असते. मूल वर्गाच्या किती पुढे आहे हे ती सांगू शकत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७१ मध्ये गणितात असाधारण असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी नेमका हाच धागा पकडला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशासाठी मोठी मुलं देतात ती परीक्षा दिली. वर्गात सारखेच शंभर गुण मिळवणारी मुलं त्या परीक्षेत एकमेकांपासून कितीतरी लांब पडली. कोणी वर्षभर पुढे होतं, कोणी चार वर्षं. तुम्ही घरी हेच लहान प्रमाणात करू शकता. आठवीची वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका आणा, वेळ लावू नका, आणि प्रत्येक उत्तराखाली ‘असं का’ हे एका ओळीत लिहायला सांगा. गुणांपेक्षा त्या ओळी वाचा.

प्रत्येक धड्याच्या वेळीही तसंच. धडा शिकवण्याआधी शेवटच्या उदाहरणसंग्रहातली अवघडात अवघड दहा उदाहरणं द्यायची. नऊ-दहा आली आणि कारणंही सांगता आली, तर तो धडा सोडून पुढे चला. पाच-सहा आली तर जे अडलं तेवढंच शिकवा. त्याहून कमी आली तर धडा पहिल्यापासून, सावकाश. हा माझा तीस वर्षांचा ठोकताळा आहे आणि त्यानं मला फारसं फसवलेलं नाही. या हिशेबानं काही मुलांचं दोन वर्षांचं गणित एका वर्षात बसतं, तेही एकही पान न गाळता, कारण गाळलेलं पान त्यांना येत असतं.

क्रम म्हणाल तर पहिल्या वर्षी अपूर्णांक, ऋण संख्या आणि गुणोत्तर-प्रमाण पक्कं करून एका चलाच्या समीकरणांपर्यंत या. यातलं गुणोत्तर कधीही उरकू नका. पुढचं अर्धं विज्ञान त्याच्यावर उभं आहे. दुसऱ्या वर्षी बीजगणित आणि त्याच्या बरोबरीनं भूमिती, पण सिद्धतांची भूमिती. तिसऱ्या वर्षी वर्गसमीकरणं, आलेख, निर्देशक भूमिती. आणि तिन्ही वर्षं एक आडवाट चालू ठेवा : विभाज्यता, मूळ संख्या, मोजणीचे प्रश्न. हे विषय शाळेत जेमतेम शिवले जातात, पण अकरा वर्षांच्या मुलाला कळतील असे आहेत आणि खोल म्हणाल तर तळ लागत नाही. १९५९ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसारख्या अवघड स्पर्धेलासुद्धा कलन (कॅल्क्युलस) लागत नाही. अवघड गणित भेटायला वरच्या इयत्तेतच जावं लागतं असं नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावं म्हणून सांगते.

आडवाटेचा माझा आग्रह उगाच नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्या मुलाच्याच वयाचा एक मुलगा होता. दोन वर्षांचं बीजगणित त्यानं आठ महिन्यांत केलं. मी देत गेले, तो घेत गेला, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! तेराव्या वर्षी मी त्याला एक असा प्रश्न दिला जो दहा मिनिटांत सुटणारा नव्हता. तो वहीकडे बघत राहिला. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि म्हणाला, ‘मॅडम, मला बहुतेक गणित येत नाही.’ दोन वर्षांत त्याला एकदाही अडायला झालं नव्हतं. अडल्यावर काय करायचं असतं, लहान आकडे घालून बघायचे, चित्र काढायचं, उद्या पुन्हा बसायचं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. पुढे त्यानं गणित सोडलं. ती चूक माझी होती आणि ती मला आजही बोचते.

म्हणून आठवड्याला गणिताचे चार तास असतील तर तीन पुढच्या अभ्यासाला आणि एक अडण्यासाठी ठेवा. त्या तासाला प्रश्न असा हवा की त्या दिवशी तो सुटणार नाही. तुम्ही उत्तर सांगायचं नाही. ‘आज काय काय करून पाहिलंस?’ एवढंच विचारायचं. चार तासांचे तीन झाले तर पुढच्या अभ्यासातला एक कापा, हा अडण्याचा कापू नका.

वर्ग ओलांडून मुलाला वर बसवावं का, असंही तुमच्या मनात असेल. टेरेन्स टाओ हा ऑस्ट्रेलियातला मुलगा १९८६ मध्ये पहिल्यांदा ऑलिंपियाडला गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. त्या वर्षी कांस्य, १९८७ ला रौप्य, १९८८ ला सुवर्ण. पुढे तो जगातल्या अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक झाला. त्याच्या आईवडिलांनी त्याला सरसकट वरच्या वर्गात ढकललं नव्हतं. गणिताला तो मोठ्या मुलांत बसे, इतर काही विषयांना खालच्या वर्गात. मुलाचं गणित चौदा वर्षांचं असलं तरी त्याचं अक्षर, त्याचं भांडण, त्याची झोप अकरा वर्षांचीच असते. शाळा तयार असेल तर फक्त गणिताच्या तासाला वरचा वर्ग मागा. आणि सुरू करण्याआधीच विचारून ठेवा, की आठवीत यानं दहावीचं गणित संपवलं तर नववीत त्याला कोण शिकवणार? याचं उत्तर कोणाकडेच नसेल तर वेग कमी ठेवा आणि आडवाट रुंद करा.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. कृष्णविवरं, पुंज भौतिकी (क्वांटम फिजिक्स) यांचे व्हिडिओ सतत बघते. तिला आत्ताच नववी-दहावीचं भौतिकशास्त्र सुरू करावं का? – एक वडील

उत्तर : व्हिडिओ बघू द्या, ती ओढ मोलाची आहे. पण विज्ञानाचा वेग गणिताच्या वेगाशी बांधलेला असतो. घनता आणि वेग यांना गुणोत्तर लागतं, गतीच्या समीकरणांना बीजगणित, तिरक्या दिशेच्या बलांना त्रिकोणमिती. तेवढं गणित नसताना दहावीचं भौतिकशास्त्र दिलं तर सूत्रात आकडे घालणं तेवढं होतं. जीवशास्त्राला ही अडचण कमी, तिथे हवं तितकं पुढचं वाचू दे.

तिला आधी एक लंबक करून द्या. दोरा, छोटं वजन, मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच. माझ्याकडच्या बारा वर्षांच्या एका मुलीनं लांबी १०० सेंटीमीटर ठेवली, गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजून. एका दोलनाची, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याची, वेळ घेतली तर कधी १.८ सेकंद, कधी २.२. ती वैतागली. मग तिचं तिलाच सुचलं, की वीस दोलनं एकदम मोजावीत आणि वीसनं भागावं. बटण दाबायला होणारा उशीर वीस ठिकाणी वाटला जातो. वीस दोलनांना ४० सेकंद लागले. लांबी चौथाई केली, २५ सेंटीमीटर. तिचा अंदाज होता १० सेकंद. आले २०. तिनं दोरा पुन्हा मोजला, पुन्हा २०. मग ५० सेंटीमीटरला वहीत आधी अंदाज लिहिला, २७. आले २८ च्या थोडे वर, तीनदा मोजूनही तेच. आलेख काढला तर रेघ वाकडी. ‘मॅडम, चारपटीला दुप्पट होतं, मग दुपटीला किती?’ असं विचारत ती आली, तेव्हा तिला वर्गमूळ हवं होतं. वर्गमूळ मी आधी शिकवलं होतंच, पण ते तिच्या कामाला त्या दिवशी आलं. वेळेचा वर्ग घेऊन तिनं नवा आलेख काढला आणि सगळे ठिपके सरळ रेषेत बसले. (झोका छोटा ठेवायला सांगा, नाहीतर वेळ किंचित वाढते.)

असे पाच-सहा प्रयोग वर्षभरात, प्रत्येकाला दोन-तीन आठवडे, आणि वहीत अंदाज आधी, मोजमाप नंतर. फसलेल्या मोजमापाचं पान फाडू देऊ नका. बीजगणित हाताशी आलं की दहावीचं पुस्तक खुशाल द्या.

प्रश्न : मी सातवीत आहे. वर्गात सर शिकवतात ते मला आधीच येतं. मग मी बोलतो आणि ओरडा खातो. काय करू? – एक विद्यार्थी

उत्तर : सरांना तास संपल्यावर भेट आणि सांग, माझं काम झालं की मागच्या पानावर मी हा प्रश्न सोडवत बसलो तर चालेल का? नीट विचारलंस तर बहुतेक ‘हो’ म्हणतील.

प्रश्न असा. १५ म्हणजे ७ + ८. शिवाय ४ + ५ + ६. शिवाय १ + २ + ३ + ४ + ५. म्हणजे लागोपाठच्या संख्या मिळवून १५ तीन प्रकारे होते. संख्या १ पासून पुढच्याच घ्यायच्या, आणि निदान दोन तरी हव्यात. आता २ ते ४० पर्यंत प्रत्येक संख्येचा तक्ता कर. काही संख्या कितीही झटलास तरी जमणार नाहीत. त्या कोणत्या, हे तुला दोन-तीन दिवसांत दिसेल. त्या का जमत नाहीत याला पंधरवडा लागला तरी चालेल. आणि ४५ किती प्रकारे होईल, हे बेरजा न करता आधीच सांगता येतं का बघ. वही मला पाठव, खोडलेल्या पानांसकट.